हिरवा रकाना

अपील त्याने केलं. आम्ही नाही, त्याने. हे मला कळलं तेव्हा समोर स्टीलच्या ताटलीत बैलाचा डोळा होता आणि हातात कात्री. बायोलॉजीचा तास. माझी जोडीदार लोटे चक्कर येते म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी, म्हणजे कापायचं मीच. मला चालतं. यंदा मला सगळंच चालतं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करायचे नाही, आणि या वर्षी मी शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन आहे, युट्रेख्तच्या मुलांना त्यांच्याच डचमध्ये गप्प बसवून आलेय. फोन थरथरला. हातात मोजे होते म्हणून नाकाच्या शेंड्याने उघडला. यानेकेची मेल. गुन्ह्यात ज्यांना इजा झाली त्यांना मदत करणारी एक संस्था आहे, तिथली ही आमची बाई, साठीची, सहा वर्षांपासूनची. ‘प्रिय उत्तरा, मुदतवाढीविरुद्ध त्याने वरच्या कोर्टात अपील केलं आहे. आईबाबांना तू सांगशील का?’ सांगशील का! आमच्या घरात डच कागद वाचायचं काम नवव्या वर्षापासून माझं. कचरा कुठल्या वारी उचलणार ते, दाताच्या डॉक्टरचं ते, आणि हेही. कात्री डोळ्यात तशीच अडकलेली. वरचं पांढरं रबरासारखं असतं, जोर लागतो. मी जोर लावला. आतलं काळं पाणी ताटलीभर पसरलं आणि मास्तर मागून म्हणाले, “हळू, उत्तरा. तो आधीच मेलाय.”

सायकलवरून घरी येताना समोरून वारा होता. रॉटरडॅमलगतच्या आमच्या कापेलमध्ये वारा नेहमी समोरूनच असतो, जाताना आणि येतानाही, कसा ते देव जाणे. मी पेडलवर उभी राहून चालवत होते आणि मोठमोठ्याने मराठीत शिव्या देत होते, मला येतात त्या सगळ्या, म्हणजे चार. त्याची तुरुंगाची शिक्षा कधीच संपली. दोन वर्षं. त्यानंतर इथे एक प्रकार आहे, त्याला टेबेएस म्हणतात. गुन्हा मनाच्या आजारपणात घडला आणि माणूस अजून धोकादायक आहे असं डॉक्टरांचं मत पडलं, तर त्याला कुलूपबंद दवाखान्यात ठेवतात, आणि दर एक-दोन वर्षांनी कोर्ट पुन्हा विचारतं, अजून आहे का धोकादायक? या वेळी कोर्टाने दोन वर्षं वाढवली. त्याला ती नको होती. त्याला अटींवर बाहेर यायचं होतं. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण मी शाळेत यावर प्रेझेंटेशन दिलंय, आमचं नाव न घेता. दहापैकी आठ पूर्णांक चार. ज्याची शिक्षा गुन्ह्यापुरती न राहता तो पुढे काय करील या अंदाजावर वाढत जाते, त्याला अपील मिळालंच पाहिजे, असं मी ठणकावून म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. आणि मला अजूनही तसंच वाटतं. हाच तर संताप! त्याचा हक्क मला मान्य आहे, आणि त्याने तो वापरला म्हणून मला कुणाच्या तरी खिडकीवर दगड मारावासा वाटतोय.

तो खालच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्याला ‘खालचे आजोबा’ म्हणायचो. पन्नाशीचाच असेल, पण मी दहा-अकरा वर्षांची होते आणि त्याची दाढी पांढरी होती. आई फोडणी करायची तेव्हा तो वर यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा हसत होता. दुसऱ्यांदा म्हणाला, भिंतीतून गॅस येतोय. बाबांनी एक्झॉस्टच्या भोवती चिकटपट्टी लावली, आईने हिंग बंद केला, मग मिरची. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो दारात उभा राहून नुसता श्वास घेत राहिला, मोजत असल्यासारखा. घरमालक संस्थेकडे तक्रार करा असं कुणीही सांगितलं असतं. पण बाबा म्हणाले, “आपण परमिटवर आहोत, मालिनी. उगाच फाइलमध्ये नाव नको.” आणि आईने काय केलं? दिवाळी होती, तिने फराळाचं ताट भरलं. घरात नातेवाइकाशी बिनसलं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाजलं, की पुण्यात आईची आई हेच करायची म्हणे. चकली, शंकरपाळे, सहा बेसनाचे लाडू, वर क्रोशाचा रुमाल. ते ताट घेऊन खाली मी गेले. त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाला, “थँक यू, पोरी.” मला किती बरं वाटलं होतं. खटल्याच्या कागदांत एक फोटो आहे, तो मी चौदाव्या वर्षी चोरून पाहिला: खिडकीच्या कट्ट्यावर सहा लाडू ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. पुरावा म्हणून जपले होते त्याने. आम्ही त्याला विष घालतोय याचा पुरावा.

त्यानंतर बारा दिवसांनी, दुपारी चार वाजता, जिन्यात, हातोडी. आई बाजाराची पिशवी घेऊन वर येत होती आणि मी दार उघडून उभी होते. ती ओरडली, “दार लाव!” मी लावलं. एवढंच. याच्यावर यानेकेने मला अकरा वेळा सांगितलंय की तू बरोबर केलंस. बरोबरच केलं. दाराला आतून पाठ लावून बसले होते, आणि लाकूड थरथरत होतं, ती थरथर दाराची होती की माझ्या पाठीची ते मला आजवर सांगता आलेलं नाही. आईचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. कानाच्या मागून टाळूपर्यंत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत, ती भांग दुसऱ्या बाजूला पाडते. मराठी मंडळातल्या लोकांना आम्ही सांगितलं, जिन्यात बर्फावरून घसरली. नोव्हेंबरात! बर्फ! श्रुतीमावशी हळहळल्या, सूप घेऊन आल्या. मला तेव्हाही त्या सूपच्या डब्यावर ओरडावंसं वाटलं होतं, पण तेव्हा मी ओरडणारी नव्हते.

घरी आले तर आई मटार सोलत होती. आता आम्ही दुसऱ्या इमारतीत राहतो, सर्वांत वरच्या मजल्यावर. मी बूट न काढताच सांगितलं. ती शेंग न सोडता म्हणाली, “त्यांनी केलं का अपील? बरं.” त्यांनी! “आई, त्याला ‘ते’ काय म्हणतेस?” “मोठे आहेत वयाने.” “त्याने तुझं डोकं फोडलं!” “ओरडू नकोस, खाली ऐकू जातं.” खाली एक नव्वदीची बहिरी बाई राहते. पण आईसाठी खाली कुणीतरी असतंच. ती सकाळपासून घरात असते. दूध आणायला बाबांबरोबर, हुइसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांकडे, माझ्याबरोबर. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तर पुढची लिफ्ट. जिना नाहीच. पुण्यात हीच बाई तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर हडपसरपासून कोथरूडपर्यंत भणाणत जायची, मला पुढे उभी करून, सिग्नलला रिक्षावाल्यांशी भांडत. ते भांडण मला आठवतं. तिचा आवाज माझ्या टाळूवर बसायचा. कुठे गेला तो आवाज? मला वाटतं तो तिने मला देऊन टाकला आणि आता रोज मी तो वापरते म्हणून दचकते.

आता गंमत ऐका. कोर्टात आम्हाला बोलता येतं, पण कशावर? त्याला सोडावं की नाही यावर नाही. ते डॉक्टर आणि न्यायाधीश ठरवणार. सोडलं तर आमच्या रक्षणासाठी कोणत्या अटी हव्यात, तेवढ्यावरच. म्हणजे तो कुठल्या भागात फिरकायचा नाही ते सांगा. आईने बोलायला नकार दिला होता, म्हणून तिच्या वतीने मी बोलणार होते. मी उड्या मारत हो म्हटलं. पाच मिनिटं! मला पाच मिनिटांत काहीही जिंकता येतं. यानेके फोनवर म्हणाली, “फक्त भाग सांगायचा, उत्तरा. गावाचं नाव. बारीक तपशील नको. बाकी आपण कोर्टाच्या आधी भेटून बोलू.” मी बाबांना सांगितलं, भाग विचारलाय. बाबा आनंदले. म्हणजे आनंदले नाहीत, पण त्यांना काम मिळालं. माझ्या बाबांना, जयप्रकाश नावाच्या त्या शांत, सज्जन, चिडायला कधी न शिकलेल्या माणसाला, जगातल्या कुठल्याही दुःखावर एकच औषध माहीत आहे: एक्सेल. आजीचा मधुमेह एक्सेलमध्ये होता. माझ्या बारावीपर्यंतच्या अभ्यासाचं एक्सेल मी सातवीत असल्यापासून आहे. रविवारी दिवसभर ते बसले. मी आत भाषणाची रंगीत तालीम करत होते, आरशासमोर, हातवाऱ्यांसकट. मला वाटलं ते ऑफिसचं काम करताहेत. सोमवारी त्यांनी ते खटल्याचा नंबर टाकून थेट कोर्टाला पाठवून दिलं. कुणालाच विचारलं नाही. “पूर्ण माहिती दिलेली बरी,” ते नंतर म्हणाले. “अर्धवट माहितीवर कुणी निर्णय कसा घेणार?”

आर्नहेमचं वरचं कोर्ट गुळगुळीत आहे. तिथे सगळं फिकट लाकडाचं, कोपरे गोल, जणू कुणाला काही लागू नये. आम्ही तिघं एका बाकावर, कडेला यानेके. आईने निळा कोट घातला होता आणि तो काढायला तयार नव्हती. मग त्याला आणलं. मी सहा वर्षं या क्षणासाठी एक चेहरा तयार ठेवला होता, थंड, राणीसारखा. तो वायाच गेला. आत आला तो एक जाड, सुजलेला, औषधांनी मंदावलेला म्हातारा, पायात वेल्क्रोचे बूट. आता खरोखरच आजोबा. मला त्याची कीव आली, आणि तिचा मला इतका राग आला की मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. मरेना का. नाही, मरू नये. माझ्या आठ पूर्णांक चारनुसार त्याला उपचार मिळायला हवेत, आशा मिळायला हवी, दाराचं एक टोक दिसायला हवं. मिळू दे ना. पण ते दार माझ्या आईच्या अंगावर उघडतं, त्याचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही. डॉक्टर बोलले, सरकारी वकील बोलल्या. मग त्याचा वकील उभा राहिला, तरुण, देखणा, माझ्यासारखाच बोलण्यावर खूश. आणि त्याने एक कागद उचलला.

मी तो लांबून ओळखला. रंगांवरून. बाबांचे रंग ठरलेले आहेत: बाबा निळे, मी पिवळी, आई हिरवी. वरती वार, डावीकडे तास, आणि चौकटीचौकटीत आम्ही. माझा रकाना पिवळाधम्मक: शाळा, वादविवाद, पोहणं, लोटेचं घर, ग्रंथालय, कोणत्या पुलावरून, किती वाजता. प्रत त्याच्यासमोरही होती. त्या माणसासमोर. खटल्यात आलेला कागद दोन्ही बाजूंना मिळतो. हे मला माहीत होतं, यानेकेला माहीत होतं, फक्त बाबांना माहीत नव्हतं. त्याचं जाड बोट माझ्या गुरुवारावर टेकलेलं होतं. यानेकेने तोंडावर हात ठेवला. बाबा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “हा आपलाच आहे ना?” इतक्या निरागसपणे की मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्यांचा गळा धरावासाही. पण खरं पुढेच होतं. वकील गोड आवाजात सांगत होता की कुटुंबाने फार नेमकेपणाने माहिती दिली आहे, त्याबद्दल आभार. शाळकरी मुलीची शाळा दोन वर्षांत संपेल. आणि ज्यांना इजा झाली त्या बाईंचं म्हणाल, तर या हिरव्या रकान्यात आठवड्यात दोनच नोंदी दिसतात. दुकान आणि डॉक्टर. दोन्ही घरापासून चारशे मीटरवर. त्या इतरत्र कुठेच जात नाहीत. तेव्हा अख्खं शहर बंद करण्याची गरज नाही. चार रस्ते पुरेत.

चार रस्ते पुरेत. माझ्या भाषणाची पानं माझ्या हातात होती. त्यात तीन उदाहरणं होती, एक विराम होता, जिथे श्वास घ्यायचा तिथे मी बाण काढला होता. माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले आणि ती पानं बाकावर राहिली. “तो रकाना रिकामा आहे,” मी म्हणाले, “कारण यानेच तो रिकामा केला. याने लावलेली शिक्षा ती भोगतेय, आणि त्या शिक्षेबद्दल कुणी दर दोन वर्षांनी विचारत नाही की अजून लागते का!” माझा आवाज चिरकला. स्पर्धेत कधी चिरकत नाही. न्यायाधीशांमधल्या अध्यक्ष बाई शांतपणे म्हणाल्या, “मला समजतंय. पण आपण अटींबद्दल बोलायचं आहे. कुठे येऊ नये असं तुम्हाला वाटतं?” “ती दारामागे बसते,” मी म्हणाले, “ती लिफ्टमध्ये...” “उत्तरा,” अध्यक्ष बाई. “ती रात्री...” आणि माझी बाही ओढली गेली, जोरात, शिवण उसवेल इतकी. “खाली बस,” आई म्हणाली, मराठीत, दात आवळून. “सगळ्या जगाला सांगशील?” मी बसले. मला वाटलं, झालं, संपलं, बर्फावरून घसरली.

आणि आई उभी राहिली. आईला दुकानापुरतं डच येतं. पिशवी नको, पावती नको, धन्यवाद. त्या डचमध्ये ती म्हणाली, “कागद चूक आहे.” बाबांनी वर पाहिलं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, दुभाषा हवा का. आईने मान हलवली. “कागद चूक. नवऱ्याला माहीत नाही. तो ऑफिसात असतो. मी जाते.” “कुठे जाता, मालिनीताई?” असं नाही म्हणाल्या त्या, मॅडम म्हणाल्या, पण आवाज तसाच होता. “सगळीकडे,” आई म्हणाली. “रॉटरडॅम. हेग. वाखनिंगन. ग्रोनिंगन. ट्रेनने. एकटी.” “किती वेळा?” “रोज.” माझी आई! उभ्या कोर्टात, देवाच्या आणि राजाच्या फोटोच्या साक्षीने, धडधडीत खोटं! आणि मान अशी ताठ, की कानामागची रेघ सगळ्यांना दिसत होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती. वकिलाने तो रंगीत कागद खाली ठेवला. डोकं फुटलेल्या बाईला तुम्ही ग्रोनिंगनला जात नाही हे सिद्ध करा, असं कोण म्हणणार? शेवटी रीतीप्रमाणे त्या माणसाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तो इतका वेळ आईकडे बघत होता. रागाने नाही. काळजीने. त्याने अगदी हळू, आजारी माणसाची विचारपूस करावी तसं विचारलं, “तिथे अजून गॅस येतो का?” वकिलाने त्याच्या बाहीवर हात ठेवला. आई पुटपुटली, “अरेरे.” तिच्या त्या अरेरेवरही मी चिडले. आजही चिडलेलीच आहे.

निकाल दोन आठवड्यांनी पोस्टाने आला, मीच वाचून दाखवला. सुटका नाही. पण दोन वर्षांचं एक केलं, म्हणजे त्याचं अपील अर्धं जिंकलं. त्या एकातलेही सात महिने तारखांमध्येच गेलेले. पाच महिन्यांनी पुन्हा फिकट लाकूड, पुन्हा वेल्क्रोचे बूट. मला टेबल उलटावंसं वाटलं. पण त्या टेबलावर आई रेल्वेचा नकाशा पसरून बसली होती, त्यामुळे उलटता आलं नाही. तो नकाशा घरात येण्याची सुरुवात कुठे झाली ते सांगते. सुनावणीच्याच दिवशी, कोर्टातून आम्ही आर्नहेमच्या स्टेशनवर आलो तेव्हा अकरा-साडेअकरा झाले असतील. मी एकटीच बडबडत होते: काय बोललीस, आई, काय फेकलीस, ग्रोनिंगन काय, तू बघितलंयस का कधी ग्रोनिंगन! बाबा मागून येत होते, एकच वाक्य परत परत म्हणत, “मला वाटलं, पूर्ण माहिती...” आई थांबली. माझ्याकडे वळली. “माझं तू सांगायचं नाहीस,” ती म्हणाली. “मी दारामागे बसते, मी लिफ्टमध्ये काय करते. ते माझं आहे. कळलं? पाच मिनिटं बोलायला मिळतात म्हणून आईचे कपडे काढायचे का तिथे?” स्टेशनभर ऐकू गेलं. दोन पोरं वळून बघायला लागली. तिने आवाज कमी केला नाही. “आणि तुम्ही,” बाबांना, “तुम्हाला कुणी सांगितलं मी कुठे जात नाही? विचारलंत मला?” “अगं, पण तू जात नाहीस ना,” बाबा म्हणाले. बिचारे. ते खरंच होतं.

“ग्रोनिंगनला कुठली गाडी?” आईने मला विचारलं. मला वाटलं चेष्टा आहे. “आई, आपल्याला रॉटरडॅमला जायचंय.” “कोर्टात सांगितलंय मी. उद्या त्यांनी विचारलं तर?” “कोणी विचारत नाही गं!” “सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीतरी विचारतीलच. मी खोटी पडणार नाही. कुठली गाडी?” मी बघून सांगितलं: झ्वोलेची, तिथे बदलायचं, सहा मिनिटांत आहे. “मी येते,” म्हणाले. “नाही.” “आई, तू बदलणार कशी, तुला फलाट...” “रिक्षावाल्यांना विचारत फिरले मी अख्खं पुणं, तुझ्या जन्माआधी.” तिने पर्समधून कार्ड काढलं, ते मीच भरून दिलेलं, तीन वर्षांत तिने स्वतः कधी यंत्राला न लावलेलं, सकाळी येतानाही मीच लावलेलं. चांगल्या उजव्या हाताने ते यंत्राला लावलं. पहिल्यांदा यंत्राने लाल दाखवलं. मी पुढे झाले. “हात लावू नकोस,” ती म्हणाली, आणि त्या लाल दिव्यावर अशी खेकसली, मराठीत, जशी हडपसरच्या सिग्नलला खेकसायची: “काय रे? घे ना!” दुसऱ्यांदा त्याने घेतलं.

बाबा मला विचारत होते, हिला जाऊ द्यायचं का, एकटीला, फोनला चार्ज आहे का, परत कधी येईल, झ्वोलेला किती मिनिटं मिळतात. त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं होतं. निळा कोट सरकत्या जिन्यावरून वर जात होता आणि आई एकदाही मागे बघत नव्हती. मी इतकी चिडले होते, तिच्यावर, की माझे कान गरम झाले होते. आणि मी फलाटाच्या खालून ओरडत होते, चार शिव्या येणारी, युट्रेख्तला गप्प बसवणारी मी, सगळ्या आर्नहेमला ऐकू जाईल अशी, “आई, पाचवा नाही, सातवा फलाट! सातवा!” आणि ती वरून, माझ्याहून मोठ्याने, “वाचता येतं मला!”